इडली-डोशाच्या पलीकडचं दक्षिणेचं जेवण चाखायला कुठे जाऊ? (आठ दिवस, आई सोबत)

रानजाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारतेच. आमच्या घराजवळ (ठाणे) तीन साउथ इंडियन हॉटेलं आहेत आणि तिन्हींचा मेनू एकच, मसाला डोसा, मेदूवडा, उत्तप्पा आणि शेवटच्या पानावर पनीर. मलाही इतकी वर्षं दक्षिणेचं जेवण म्हणजे एवढंच वाटायचं. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या पालक्काडच्या मैत्रिणीनं डब्यात अवियल आणलं होतं. सुरण, शेवगा, कच्ची केळी, कोहळा सगळं बोटाएवढं लांब चिरलेलं, त्याला ओलं खोबरं-जिरं-हिरव्या मिरचीचं भरड वाटण, दही, आणि वरून कच्चं खोबरेल. पहिल्या घासाला वास जरा वेगळा लागला, चौथ्या घासाला डबा संपत आला म्हणून वाईट वाटायला लागलं. तेव्हापासून ठरवलंय की जाऊन, बसून, नीट खायचं.

ऑगस्टच्या सुरुवातीला आठ दिवस सुट्टी आहे. आई (७१) सोबत, ती पूर्ण शाकाहारी, मी सगळं खाते. नवरा म्हणतो परत कधी जाणार, चार राज्यं करून या. मला वाटतं एकच भाग धरावा आणि तिथे सकाळ-दुपार-रात्र जे शिजतं ते खावं. तुमचे अनुभव सांगा, आणि कुठला भाग तेही सांगा.

भटक्या_वऱ्हाडी
तुमच्या नवऱ्याशी सहमत. आम्ही नऊ दिवसांत हैदराबाद, चेन्नई, मदुरै, कोची केलं होतं. प्रत्येक गावातला एक पदार्थ आधीच ठरवून ठेवायचा, तो खायचा, पुढची गाडी पकडायची. मदुरैचं जिगरठंडा अजून आठवतं, बदामाचा डिंक, आटवलेलं दूध, नन्नारीचं सरबत आणि वर आइस्क्रीम, उन्हातून आल्यावर पोटात गारवा उतरतो. हलीम मात्र हुकलं, आम्ही रमझान नसताना गेलो होतो. काही ठिकाणी बारमाही मिळतं पण जी मजा रमझानच्या संध्याकाळी ती वेगळीच म्हणे.

कावेरीकाठ
भटक्या, तुम्हीच तुमच्या विरुद्ध पुरावा दिलात :) हंगाम हुकला की पदार्थ हुकला.

मी १४ वर्षं बंगळूरला आहे. पहिली दोन वर्षं मीही दर्शिनीतल्या (इथली उभ्यानं खायची छोटी हॉटेलं) इडली-वड्यावर काढली. मग ऑफिसच्या ड्रायव्हरनं एकदा मंड्याजवळ एका खानावळीत नेलं आणि समोर आला रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा क्रिकेटच्या चेंडूएवढा गरम गोळा. सोबत बस्सारु. हे बस्सारु म्हणजे डाळ आणि पालेभाजी एकत्र उकडायची, पाणी निथळून घ्यायचं, त्या पाण्याला मसाला वाटून लावला की सारु, आणि खाली उरलेल्या डाळ-पाल्याची खोबरं घालून कोरडी भाजी. आपली पुरणाची डाळ आणि कटाची आमटी आठवा, तीच अक्कल. एका भांड्यात दोन पदार्थ, वाया काही नाही.

मुद्दे चावायचं नाही हे मला माहीत नव्हतं. मी आपला चावतोय आणि ते टाळूला चिकटतंय. ड्रायव्हरनं दाखवलं, बोटांनी छोटा तुकडा तोडायचा, अंगठ्यानं खळगा करायचा, सारात बुडवून सरळ गिळायचा. चव सगळी साराची, मुद्दे पोटाला आधार. दुपारी चार वाजले तरी भूक नाही.

पण ऑगस्टमध्ये इकडे येऊ नका. डिसेंबर-जानेवारीत या, तेव्हा अवरेकाळू म्हणजे पावट्याचा मोसम असतो. भिजवून, प्रत्येक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर काढतात, त्याला हितकिद अवरे म्हणतात. घरातली सगळी बायका-पोरं परात घेऊन बसलेली असतात.

मीनू_म
गिळायचं?? माझ्या सासूबाई ऐकतील तर म्हणतील बत्तीस वेळा चावायचं कोण शिकवलं होतं मग :D

सोलापुरी_शेंगा
रानजाई, आठ दिवस लांब जायच्या आधी एक दिवस सोलापूरच्या पूर्व भागात येऊन जा. विणकामासाठी पिढ्यांपूर्वी आलेली तेलुगू पद्मशाली घरं तिथे आहेत. माझं बालपण त्यांच्या शेजारात गेलं. शेजारच्या अम्मांनी पहिल्यांदा गोंगुरा पच्चडी दिली तेव्हा आजीनं बोटानं चाटून बघितली आणि म्हणाली, "अगं ही तर आपली अंबाडी!" खरंच तीच. आपण तिला ज्वारीच्या कण्या आणि डाळ घालून गरगट करतो, वर लसणाची फोडणी. त्या पाला तेलात परतून त्याचा लगदा करायच्या आणि भाजलेल्या लाल मिरच्या, मेथीदाणे, धण्यांबरोबर वाटायच्या. गरम भात, त्यावर तूप, त्यात पच्चडी कालवायची आणि सोबत कच्चा कांदा. डोळ्यातून पाणी येतं आणि हात थांबत नाही.

आणि उलवचारु! उलवलु म्हणजे कुळीथ. कुळीथ शिजवून दाणे बाजूला काढतात, पूर्वी ते बैलांना घालायचे, आणि ते शिजवणीचं पाणी चिंच घालून तासन् तास मंद आचेवर आटवत ठेवतात, काळंभोर दाट होईपर्यंत. खाताना वर लोण्याचा किंवा सायीचा गोळा. हुलग्याचं माडगं पिऊन वाढलेल्या माणसाला ते परकं लागतच नाही. माझं मत म्हणून आंध्र. गुंटूर-विजयवाडा पट्टा धरा.

वेंगुर्ल्याची_सई
सोलापुरी_शेंगा, अंबाडीची गोष्ट वाचून आजी आठवली.

मी दुसरंच सांगायला आले. मंगळूरला लग्नाला गेले होते, सगळ्यांनी नीर दोसे नीर दोसे म्हणून डोक्यावर घेतलं होतं. ताटात आलं तर आमचे घावणे! एवढ्यासाठी दहा तास प्रवास?

कुंदापूर_वाया_कोल्हापूर
सई ताई, जरा थांबा :) मी बँकेच्या बदलीनं सहा वर्षं कुंदापुरात (उडुपीजवळ) काढली, म्हणून बोलतो. घावणे बहुतेक घरांत तांदळाच्या पिठाचे होतात. नीर दोश्याला तांदूळ भिजवून थोड्या ओल्या खोबऱ्यासकट गंधासारखा बारीक वाटतात आणि मग पाणी घालत घालत ताकाएवढं पातळ करतात. नीर म्हणजेच पाणी. आंबवायचं नाही. तवा चांगला तापलेला पाहिजे, पीठ डावानं पसरायचं नाही, शिंपडल्यासारखं ओतायचं. उलटायचा नाही, झाकण ठेवून वाफेवर शिजवायचा आणि घडी घालून काढायचा. रुमालासारखा मऊ असतो. बहीण-बहीण म्हणा, एकच नका म्हणू.

वेंगुर्ल्याची_सई
माझी आई पण तांदूळ भिजवून वाटूनच करते हो! आणि आम्ही पण उलटत नाही. बरं, सख्ख्या बहिणी.

चेन्नैचा_पाहुणा
सांबार विसरलात का सगळे? तो तर मुळात आपलाच. संभाजी महाराज तंजावरला गेले, चिंच नव्हती की आमसूल नव्हतं असं काहीतरी, आणि त्यांच्या नावावरून सांबार झालं.

तंजावूरची_लेक
पाहुणा, ही गोष्ट आम्हीही लहानपणापासून ऐकतो, सांगणारा प्रत्येक जण आमसूल आणि चिंचेची अदलाबदल करतो. दंतकथा म्हणून सांगा, इतिहास म्हणून नको. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं, हा इतिहास. माझं माहेर त्या वेळी तिकडे गेलेल्या घरांपैकी. घरात आम्ही मराठी बोलतो, तुम्हाला ती जुनी आणि तमिळ हेल असलेली वाटेल.

मला सांबारापेक्षा डांगर जास्त बोलकं वाटतं. तुमच्याकडे उडदाचं पीठ ताकात किंवा दह्यात कालवून, कांदा-मिरची घालून डांगर करतात ना? तमिळ घरांमध्ये, मराठीशी काही संबंध नसलेल्या घरांमध्येसुद्धा, "डांगर पच्चडी" करतात. उडदाचं भाजलेलं पीठ, दही, मोहरी-मिरचीची फोडणी. नाव तेच, पदार्थ तोच. कॉलेजात मैत्रिणीच्या डब्यात बघितलं तेव्हा मी तिला विचारलं हा शब्द कुठला, ती म्हणाली पाटीचा, म्हणजे आजीचा. मी म्हटलं माझ्याही आजीचा.

तंजावरला आलात तर सरस्वती महाल ग्रंथालय बघा, सरफोजी राजांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचं हस्तलिखित तिथे आहे. आणि कुंभकोणमला सकाळची डिग्री कॉफी (दाट फिल्टर कॉफी) पितळी डबऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत. आईंना आवडेल.

मीनू_म
यावरून विचारते, बिसिबेळे भाताच्या रेसिपीत "मराठी मोग्गु" लिहिलंय. मी गावातली चार दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला ताई मराठीत असं काही नसतं.

कावेरीकाठ
हा हा, बरोबर आहे त्याचं, कन्नडमध्ये असतं. मोग्गु म्हणजे कळी. सावरीच्या जातीच्या झाडाच्या वाळलेल्या कळ्या, लवंगेच्या मोठ्या भावासारख्या दिसतात, चव मिरी आणि मोहरीच्या मधली. तमिळनाडूतल्या चेट्टिनाडच्या (कारैकुडीकडच्या) मसाल्यातही पडतात. त्याच मसाल्यात कल्पासी असते, ते म्हणजे आपलं दगडफूल. गोड्या मसाल्यातलं दगडफूल कारैकुडीच्या कोंबडीत सापडलं की फार आपलं वाटतं. मोग्गु नसेल तर न घालता करा, चालतं.

नाना_माटुंगा
लहानपणापासून माटुंग्यात आहे. रामा नायकांनी १९४२ साली सुरू केलेलं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग स्टेशनसमोर आहे, केळीच्या पानावर जेवा, सुरुवात म्हणून पुष्कळ झालं. आईंचं वय ७१, प्रवास कशाला?

रानजाई
नाना, तिथे आम्ही जातो हो, आईला तिथलं रसम फार आवडतं. त्याच रसमामुळे तर पुढे जावंसं वाटतंय. आई तयार आहे, तिनं बॅगेत चूर्ण आणि सुपारी आत्तापासून काढून ठेवलीये.

आई म्हणते खोबरेल फक्त डोक्याला. तिला अवियल कसं खायला घालू?

पालक्काडची_सून
रानजाई, मी नागपूरची, लग्नानंतर पालक्काड. पहिल्या वर्षी मलाही खोबरेल जमत नव्हतं. आपण डोक्याला लावतो ते महिनोन् महिने बाटलीत पडलेलं असतं. इकडे घाण्यावरून आणलेलं ताजं तेल असतं, भाजी उतरवल्यावर कच्चं घालतात आणि वर कढीपत्ता चुरगळून लगेच झाकण. त्या वासाला दोन दिवस द्या.

आणि ऑगस्ट म्हटल्यावर केरळच यायला हवं! ओणमची सद्या, म्हणजे केळीच्या पानावरची मेजवानी, पानाचं टोक डावीकडे ठेवून वाढतात. आधी डाव्या कोपऱ्यात मीठ, केळ्याचे वेफर्स, गुळाचे शर्करा उप्पेरी, पुळिइंजी (आलं-चिंच-गुळाचं, हे एकच मी बरणी भरून खाऊ शकते), मग ओलन, काळन, एरिश्शेरी, अवियल अशा खोबऱ्याच्या भाज्या. भात आल्यावर परिप्पु (वरण) आणि तूप, मग सांबार, मग पायसम, आणि शेवटी ताक. सासूबाई पायसम पानावरच घेतात आणि त्यात पिकलं केळं कुस्करतात. मी अजून वाटीत घेते, त्यावरून दर वर्षी हसतात.

आरन्मुळ्याच्या पार्थसारथी मंदिरात याच दिवसांत वळ्ळसद्या असते. साठाहून जास्त पदार्थ, आणि सर्पनौका वल्हवणारे लोक गाणी म्हणून एकेक पदार्थ मागतात, मागितला की वाढायचाच.

भटक्या_वऱ्हाडी
गाऊन मागायचं! हे मला माहीत नव्हतं. मी माझं मत अर्धं मागे घेतो. कोचीला आम्ही चार तास होतो, पुट्टु-कडला (वाफवलेला तांदळाचा पुट्टु आणि काळ्या चण्याची उसळ) खाऊन निघालो.

कुंदापूर_वाया_कोल्हापूर
पालक्काडच्या वहिनींचं म्हणणं खरं, पण ओणम यंदा रानजाईंच्या सुट्टीत बसत नाहीये, ओणमपासून लांब गेलात तर तशी सद्या घरोघरी नसते.

माझं म्हणणं नीट मांडतो. तुमचे आठ दिवस तुळुनाडूच्या (मंगळूर-उडुपीचा तुळू बोलणारा पट्टा) आटि महिन्यात पडतात, साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्ट. भर पाऊस, पूर्वी शेतीची कामं उरकलेली, घरात धान्य कमी, मासेमारी बंद. म्हणून या महिन्याचं जेवण सगळं परसातलं आणि रानातलं. अळूची पानं, टाकळा, बांबूचे कोंब, फणसाच्या आठळ्या, मिठाच्या पाण्यात ठेवलेले फणसाचे गरे. पत्रोडे खा. आपल्या अळूवडीचं भावंड आहे, पण बेसन नाही. तांदूळ भिजवून त्यात खोबरं, लाल बेडगी मिरची, धणे, चिंच, गूळ वाटतात, पानाला लावून उंडा उकडतात. काही घरांत नंतर चुरून त्याला गूळ-खोबऱ्यात परततात.

आटि अमावस्येला पहाटे सातवीणीच्या (सप्तपर्णी) सालीचा काढा पितात, जहर कडू. साल अंधारात, दगडानं ठेचून काढतात. हा मात्र जाणत्या घरातच प्यायचा, चुकीच्या झाडाची साल काढून माणसं आजारी पडलेली आहेत. त्यावर लगेच मेथीची गोड पेज, नारळाच्या दुधातली.

तुमच्या सुट्टीत ही अमावस्या आणि नागपंचमी दोन्ही येतात. एवढा योग परत येणार नाही. मत्स्यगंधा एक्स्प्रेस ठाण्याला थांबते, संध्याकाळी पोचून जेवायला नाही पण सकाळच्या न्याहारीला कुंदापूर.

आईंसाठी उडुपीचा कृष्णमठ आहे, कांदा-लसूण नाही. मठांत चातुर्मास कडक असतो, पहिला महिना शाकव्रत म्हणजे भाज्या वर्ज्य, मग दही, मग दूध, मग द्विदल. तुमच्यासाठी कोरी रोट्टी. कोरी म्हणजे कोंबडी, रोट्टी म्हणजे तांदळाचा पापडासारखा कडक पातळ पत्रा. वर रस्सा ओतायचा आणि थांबायचं नाही. मऊ झाली की अर्धी मजा गेली.

सोलापुरी_शेंगा
आंध्राचं घोडं मागे पडलं असं दिसतंय. पण हे वाचून मलाच जावंसं वाटतंय.

रानजाई
ठरलं! कुंदापूरजवळ एका घरगुती मुक्कामी आठ दिवस. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आल्यावर लिहिते.

मीनू_म
महिना झाला, रानजाई कुठे आहात? आम्ही पानं मांडून बसलोय.

रानजाई
आले आले. लिहायला बसले की काय आधी लिहू असं होतंय, त्यामुळे सगळं लिहीत नाही.

पहिली दुपार वाया गेली. हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात साउथ इंडियन थाळी मागवली आणि पुढ्यात पनीरची भाजी आली. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "हे आपल्या कोपऱ्यावर मिळत होतं." त्यानंतर आठ दिवस घराबाहेर फार कमी जेवलो.

काढा प्यायले. आईनंही अर्धी वाटी घेतला. कारल्याला कडू म्हणणं मी सोडलंय. त्यावरची मेथीची पेज इतकी गोड लागली की त्या कडूसाठीच ती केलेली असावी.

कुंदापूर_वाया_कोल्हापूर, कोरी रोट्टीबद्दल तुम्ही म्हणालात तसंच, पहिल्या दोन घासांना कुरकुर आवाज येतो, तिसऱ्याला कडा तेवढ्या कडक राहतात. पत्रोडे आईनं तीन दिवस सलग खाल्ले. नीर दोसे बघून तीही म्हणाली, घावणे! (सई, तुमचा पक्ष बळकट झाला.) खोबरेलाचं काही विचारूच नका, तिला कळलंच नाही की फोडणी त्याची आहे, आणि कळल्यावर म्हणाली मग आधी का नाही सांगितलंस.

पण मला लिहायचंय ते कोट्टे कडुबूबद्दल. नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी घरच्या अक्का पडवीत फणसाची पानं घेऊन बसल्या. चार पानं, देठं बाहेर, टोकं मधे एकमेकांवर, आणि टोकांना झावळीच्या हिराचा तुकडा टोचून चौफुला. मग शेजारशेजारची दोन पानं वर उचलून कडेला पुन्हा हीर. चार टोचण्यांत उभा द्रोण. त्यात उडीद आणि तांदळाच्या रव्याचं आंबवलेलं पीठ ओतून उकडतात. पीठ इडलीसारखंच, पण पान सोलताना जो वास येतो, ओल्या लाकडासारखा, गोडसर, आणि कडुबूवर पानाच्या शिरा उमटलेल्या असतात, ते इडलीपात्रात नाही होत.

अक्कांना कन्नड-तुळू, आईला मराठी. आई थोडा वेळ बघत बसली. मग हात पुढे केला. अक्कांनी पान दिलं, "हलसु". आई म्हणाली, "फणस". आमच्या आजोळी (संगमेश्वरकडे) आई लहानपणी पळसाच्या पत्रावळी लावायची, मी हे फक्त ऐकलं होतं, कधी पाहिलं नव्हतं. तिनं पहिला द्रोण लावला तो वाकडा झाला, दुसरा जमला, तिसऱ्याला अक्कांनी उचलून उजेडात धरला आणि आतून त्यांच्या सासूबाईंना बोलावून दाखवला. आईचा टाका उलट्या बाजूनं जातो. मग पाऊणएक तास दोघी एकमेकींना आपापला टाका दाखवत होत्या, एकही वाक्य समजत नव्हतं, आणि सत्तर-ऐंशी द्रोण झाले.

चार राज्यं केली असती तर ती संध्याकाळ आम्ही कुठल्या तरी स्टेशनवर असतो. नवऱ्यालाही हेच सांगितलं.

तंजावूरची_लेक
रानजाई, पत्रावळीचा टाका वाचून गलबललं.

भटक्या_वऱ्हाडी
उरलेलं अर्धं मतही मागे. पुढच्या वर्षी गुंटूर, आठ दिवस, एकच गाव. सोलापुरी_शेंगा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

वेंगुर्ल्याची_सई
आमच्याकडे पण फणस आहे दारात. पानं कोवळी घेतलीत की जून? आणि किती वेळ उकडायचे?

रानजाई
सई, मधली. कोवळी टोचताना फाटतात आणि फार जून झाली की वळवताना चिरतात. धुऊन जरा गॅसच्या आचेवरून फिरवली की नरम होतात. उकडायला अर्धा तास, थंड झाल्याशिवाय पान सोलू नका. आमच्या सोसायटीत मागच्या बाजूला एक फणस आहे, आईनं माळीकाकांना रविवारचं सांगून ठेवलंय.